तांडेल मॅडम समोर उभ्या आहेत

ऑपरेशनआधी हात धुताना तांडेल मॅडम रोज एकच प्रश्न विचारायच्या. नळ कोपराने उघडायचा, ब्रश नखांवरून फिरवायचा, आणि फेस कोपरापर्यंत पोचला की मान न वळवता विचारायचं, "आज कशाची भीती वाटतेय?" उत्तर दिल्याशिवाय ऑपरेशन थिएटरचं दार आमच्यासाठी उघडत नसे.

पहिल्या दिवशी मी उत्तर दिलं, "कशाचीच नाही, मॅडम." आणि तेही चांगलं ठणकावून. मला वाटलं, सर्जरी शिकायला आलेल्या मुलीच्या तोंडून हेच ऐकायचं असणार. मॅडमनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्या माझ्या खांद्यालाही लागत नव्हत्या, तरी त्या बघण्याने मी चार बोटं खचले. "अरे वा. मग आज तू नुसती बघ. जिला कशाचीच भीती नाही तिच्या हातात मी दोरासुद्धा देत नाही." धुतलेले हात छातीसमोर धरून मी ते सबंध ऑपरेशन कोपऱ्यात उभी राहून पाहिलं. नाकाला अशी खाज सुटली होती म्हणून सांगू, आणि नाकाला हात लावायची सोय नाही.

बोईसरमधलं एका ट्रस्टचं ते हॉस्पिटल. फार मोठं नाही, पण सर्जरी शिकायला तिथे मोजक्या जागा होत्या. पेशंट सगळीकडून यायचे. दांडीचे, मुरब्याचे खलाशी, पामचे शेतकरी, कारखान्यांतले बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार, अणुवीज केंद्राच्या वसाहतीतले लोक. तांडेल मॅडम सगळ्यांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलायच्या. कामगाराला दटावायच्या, "वजन उठाया ना? मना किया था ना?" आणि पुढच्याच क्षणी मासळी विकणाऱ्या बाईच्या पोटावर हात ठेवून, "काय गो बाय, इथं दुखते का? मग घरी काय करत व्हतीस एवढे दिवस?" आम्हा शिकणाऱ्यांशी मात्र स्वच्छ पुस्तकी मराठी. मी एकदा विचारलं, आमच्याशी का नाही तसं बोलत? तर म्हणाल्या, "तुमच्यावर ओरडायचं असतं. माझ्या भाषेत ओरडले तर तुम्हाला राग येणार नाही, हसू येईल."

मॅडम मुरब्याच्या. वडिलांची बोट, आई पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. ही माहिती कळली की प्रत्येक नवा माणूस तेच कौतुक करायचा, "म्हणूनच तुमच्या गाठी इतक्या सुंदर! जाळं विणणारं घराणं!" यावर मॅडम इतक्या वैतागायच्या की आम्ही नवीन कुणी आलं की मुद्दाम वाट बघायचो. "माझ्या घरी जाळी पुरुष विणतात," त्या सांगायच्या. "मी जाळ्याला हात लावला तर आजोबा ओरडायचे, पोरी, गुंता करशील. गाठी मी हॉस्टेलात खाटेच्या पायाला दोरा बांधून शिकले. रूममेट रडायची, दिवा बंद कर म्हणून." त्यांच्या डब्यात भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी असायची. तो डबा उघडला की डॉक्टर रूममध्ये बसलेल्या प्रत्येकाला ते कळायचं, आणि त्याबद्दल त्यांना कसलाही संकोच नव्हता.

बोलायच्या मोजकं, पण ते डोक्यात बसायचं. "रक्त आलं की आधी बोट ठेव, मग विचार कर." "टाका आवळून काय सिद्ध करतेस? पाकीट बांधतेस का माशांचं?" आणि माझं सगळ्यात आवडतं वाक्य, "पोट तुझ्याकडे पळून येणार नाही आणि पळून जाणारही नाही. श्वास घे."

भीतीच्या प्रश्नाला आम्ही हळूहळू तयार उत्तरं शोधून ठेवली होती. माझ्याबरोबर शिकणारा सुशांत यात पटाईत. येताना जिन्यावर पुस्तक चाळायचा आणि हात धुवायच्या मोरीशी पोचेपर्यंत एक शास्त्रशुद्ध भीती तयार. "मॅडम, पित्तनलिकेला इजा होईल याची भीती वाटते." मॅडम म्हणायच्या, "ही तू मंगळवारी सांगितलीस. शिळी आहे. ताजी आण." मग सुशांत फेसाळलेल्या हातांनी छताकडे बघत दुसरी शोधायचा. मीही तेच करायचे. अमुक रक्तवाहिनी, तमुक नस. भीती खऱ्याच होत्या त्या, खोट्या नव्हत्या. पण माझी खरी भीती मी कधी त्या मोरीशी आणलीच नाही.

ती अशी होती. माझी सीट कुणाची तरी उरलेली होती. प्रवेशाच्या अगदी शेवटच्या फेरीत कुणा मुलाने सर्जरी सोडून दुसरं काहीतरी घेतलं आणि यादी सरकत सरकत माझ्यापर्यंत आली. आईने कॉलनीत पेढे वाटले. बाबा खानदेशातून येऊन तारापूरच्या कारखान्यात लागलेले, त्यांनी शिफ्टमधल्या सगळ्यांना सांगून टाकलं की आमची वैशाली सर्जन होणार. आणि मला रोज सकाळी ॲप्रन चढवताना वाटायचं, आज ऑफिसमधून कुणीतरी वर येईल आणि हळूच म्हणेल, बाई, जरा घोळ झाला होता. तुमचं नाव चुकून लागलं. ॲप्रन ठेवा आणि निघा. गंमत म्हणजे माझं त्यावरचं उत्तरही तयार होतं. मी म्हणणार होते, हो, मला माहीत होतंच.

ऑपरेशन बिघडलं की वाटायचं, बघ, मी म्हटलं नव्हतं? चांगलं झालं की वाटायचं, चला, आज वाचले. मग चांगलं कधी मोजायचं? ते माझ्या खात्यावर जमाच होत नव्हतं. सुशांतला असं काही वाटत असेल हे मला पटायचं नाही. तो शीळ घालत जिने चढायचा.

दुसऱ्या वर्षी मॅडम महिनाभर रजेवर गेल्या. परत आल्या त्या मानेला पट्टा लावून. मानेचं जुनं दुखणं, मुंबईला जाऊन छोटं ऑपरेशन करून घेतलं, एवढंच म्हणाल्या. पट्टा काही दिवसांनी गेला. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "आता सुऱ्या तुम्ही धरायच्या. मी समोर उभी राहणार. म्हातारपणी मला आराम नको का?" साठीच्या पुढच्या बाईला आम्ही काय म्हणणार? सुशांत तर खूशच झाला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्या दिवसापासून मॅडम टेबलाच्या पलीकडे उभ्या असायच्या. उंची कमी, म्हणून पायाखाली लाकडी पाट. डोक्यावर स्वतः शिवून घेतलेली फुलाफुलांची टोपी. ज्यांनी ऑपरेशन कधी पाहिलं नाही त्यांना एक सांगायला हवं. सर्जरीत अर्धं काम समोरचा माणूस करतो. कापणारा कापतो, पण समोरच्याने कापलेली कड नेमकी ओढून धरली तरच आतला थर दिसतो आणि वाट सापडते. समोर मुरलेला माणूस असेल तर तो तोंडाने काही न बोलता शिकाऊ माणसाला पूर्ण ऑपरेशनातून हाताला धरून नेऊ शकतो. मी कडेला हुक लावायचे, मॅडम तो डाव्या हाताने धरायच्या, आणि माझ्यासमोर सगळं उलगडत जायचं. शीर इथे, पडदा तिथे, सगळं जागच्या जागी.

मला काय वाटणार? मला वाटलं, हे मी करतच नाही. हे मॅडमचा डावा हात करतोय. मी फक्त तो दाखवतोय तिथे कापतेय. माझ्या जागी सुरी बांधलेलं बुजगावणं उभं केलं तरी हेच होईल. जेवढी ऑपरेशनं चांगली होत गेली, तेवढं हे माझं मत पक्कं होत गेलं.

त्यात भर म्हणजे मॅडमची एक पद्धत. आदल्या दिवशी वॉर्डमध्ये त्या मला प्रत्येक पेशंटच्या खाटेशी उभं करायच्या आणि सांगायच्या, "ऑपरेशन ही पोरगी करणार हाय. मी समोर उभी हाय. सावे डॉक्टर बाहेर बसलेले हायेत. चालेल ना?" किंवा, "ऑपरेशन ये लडकी करेगी. मैं सामने खडी हूँ. सावे डॉक्टर बाहर बैठे हैं." तो पेशंट आणि त्याचे नातेवाईक माझ्याकडे अशा काही नजरेने बघायचे की मला वाटायचं, जमीन दुभंगावी. हे सावे सर म्हणजे हॉस्पिटलमधले दुसरे मोठे सर्जन. आमच्या ऑपरेशनच्या दिवशी ते डॉक्टर रूममध्ये पेपर उघडून बसलेले असायचे, भजी मागवायचे, मॅडमच्या डब्यातली चटणी संपवायचे. मला वाटायचं, या माणसाला दुसरं काही काम कसं नाही?

शेवटी मी ठरवलं की आता पुरे. बाबांच्या कारखान्यात कंपनी डॉक्टरची जागा रिकामी झाली होती. कामगारांचं ब्लडप्रेशर बघायचं, डोळ्यात काही उडालं तर धुऊन द्यायचं, संध्याकाळी घरी. वाईट काम नव्हतं, कुणीतरी ते नीट करायलाच हवं. त्यांना सोमवारी उत्तर हवं होतं. मी बाबांना सांगितलं, हो म्हणून कळवा. जेवताना त्यांनी ताटातली भाकरी नुसती मोडून ठेवली. मी म्हटलं, "बाबा, मला नाही जमत ते." ते म्हणाले, "तुझ्या मॅडम तसं म्हणाल्या का?" मी म्हटलं, "त्या चांगल्या आहेत, म्हणून म्हणत नाहीत."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी दांडीहून हरेश्वरकाका आले, म्हणजे चौघांनी उचलून आणले. बोटीवरून मासळीचे क्रेट उतरवताना जुना हर्निया बाहेर आला आणि आतडं अडकून बसलं. जांघेत मुठीएवढी गाठ, हात लावू देत नव्हते. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. वेळेत सोडवलं तर वाचतं, नाहीतर तेवढा भाग कापून टाकावा लागतो. मॅडमनी त्यांनाही नेहमीसारखं सांगितलं, ऑपरेशन ही पोरगी करणार हाय. हरेश्वरकाका कळवळत होते, तरी मला नीट बघून म्हणाले, "कर बाय. पण सोमवारी आमची बोट जायची हाय, मी नाय तं ती पोरं जाळी कापून येतील." मॅडम म्हणाल्या, "सोमवारी तुमी नाय जात. गप झोपा."

मोरीशी आम्ही दोघीच होतो. फेस कोपरापर्यंत आला आणि प्रश्न आला. "आज कशाची भीती वाटतेय?"

मी तोंड उघडलं ते रक्तवाहिनीचं नाव घ्यायला. आणि भलतंच बाहेर पडलं. "मला येत नाही, मॅडम. याचीच भीती वाटते. पहिल्यापासून हीच. मी जे करते ते तुमचा डावा हात करून घेतो. तुम्ही नसलात तर मला साधं पोटही उघडता येणार नाही. मी सोमवारी जातेय. कारखान्यात नोकरी घेतलीय." माझे डोळे वाहायला लागले आणि हात धुतलेले, त्यामुळे पुसताही येईनात. थिएटरच्या लिली सिस्टर दारातून पुढे आल्या आणि गॉजच्या तुकड्याने त्यांनी माझं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं.

मॅडमनी नळ बंद केला. माझ्याकडे बघितलं. त्या रागावतील, समजूत काढतील, असं काहीतरी मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "ही खरी. दोन वर्षांत पहिल्यांदा खरी आणलीस. चल." आणि दाराला खांदा लावून आत जाताना म्हणाल्या, "आज मी माझा हात हलवणार नाही. तू ठेवशील तिथे राहील. बघ काय होतं ते."

काकांना पूर्ण भूल दिली होती. मी कापलं. हुक लावला, मॅडमच्या हातात दिला. हात खरंच हलला नाही. थोडं पुढे गेल्यावर मी तो काढून खाली लावला, पुन्हा त्यांच्या हातात दिला. थर दिसला. आतडं जिथे आवळलं गेलं होतं ती कड माझ्या बोटाला लागली. सुरीच्या टोकाएवढी जागा, आणि पलीकडे मोठी रक्तवाहिनी. मी श्वास घेतला. नेमकं तेव्हाच हुक निसटला आणि सगळं झाकलं गेलं. मी मान वर न करता हुक परत बसवला, मॅडमची बोटं धरून त्यावर मिटली, वर आपला हात दाबला आणि पुढे निघाले. कड सुटली. आतडं मोकळं झालं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की हे मी आत्ता जे केलं, मॅडमची बोटं धरून मिटणं, ते मी विचार न करता केलं होतं. हाताला सवय असल्यासारखं. मी ते रोज करत होते.

पण तेव्हा विचार करायला सवड नव्हती. आतड्याचा तो वळसा जांभळा-काळा पडलेला होता. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडात तो गुंडाळला आणि थांबले. रंग परतला तर ठेवायचा, नाही परतला तर कापायचा. मी मॅडमना विचारलं, "ठेवू का कापू?" त्या म्हणाल्या, "पेशंट कुणाचा?" मी म्हटलं, "माझा." "मग मला काय विचारतेस?" कापड उघडलं. कडेला थोडी लाली, मध्ये अजून सावट. लिली सिस्टरनी कापायची हत्यारं ट्रेमध्ये पुढे सरकवून ठेवली. मला वाटलं कापून मोकळं व्हावं, निदान कुणी नावं ठेवणार नाही. पण बोट ठेवलं तर खाली बारीक ठोका लागत होता, आणि हलक्या चिमटीने तो वळसा अळीसारखा हलला. मी म्हटलं, "थांबते. अजून एकदा गरम कापड द्या." दुसऱ्यांदा कापड उघडलं तेव्हा तो गुलाबी होता. मी तो आत ठेवला.

डॉक्टर रूममध्ये सावे सर पेपर वाचत होते. मॅडम खुर्चीत बसल्या, टोपी काढली. मी तिथेच उभी राहून म्हटलं, "मॅडम, तुमचा हात दाखवा." त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. "तिथला कापूस घे. कुठल्याही बोटाला लाव."

मी डाव्या अंगठ्याला कापूस लावला. त्या गप्प बसून राहिल्या. मग डोळे मिटूनच म्हणाल्या, "लाव ना."

मी पहिल्या बोटाला लावला, मधल्या बोटाला लावला. उजव्या हाताला लावला. करंगळीशी आल्यावर त्या म्हणाल्या, "हं, ही करंगळी. हिच्यात थोडं आहे अजून."

"कधीपासून?" मी विचारलं.

"मानेच्या ऑपरेशनच्या आधीपासून. मान केली ती पुढचं थांबावं म्हणून. गेलेलं येत नाही परत. सुरी मी त्या दिवसापासून धरलेली नाही, आणि धरणारही नाही."

"आणि तुमचा डावा हात मला दाखवत होता ते?"

"काय दाखवणार? त्याला स्वतःलाच काही कळत नाही. हुक तू लावायचीस. माझ्या मुठीत कोंबायचीस. निसटला की पुन्हा कोंबायचीस. मी उभी होते, वैशाली. डोळे उघडे ठेवून उभी होते, तू कुठे चुकतेयस का बघत. फार थोड्या वेळा तोंड उघडावं लागलं."

मला आधी आनंद झाला नाही. राग आला, खरं सांगते. मी म्हटलं, "पेशंटना हे सांगायला हवं होतं, मॅडम."

"प्रत्येकाला सांगितलंय. तुला शेजारी उभी करून. ऑपरेशन ही करणार, मी समोर उभी, सावे बाहेर बसलेत. माझे हात कामातून गेलेत हे ट्रस्टींना पहिल्या दिवशी सांगितलं. तुला वाटायचं, मी तुझी फजिती करतेय."

सावे सरांनी पेपर खाली केला. "मला कशाला बसवून ठेवलंय मग? काही झालं तर हात धुऊन आत यायचं म्हणून. इतके महिने झाले, तू मला एकदाही उठू दिलं नाहीस. भजी खाऊन माझं वजन वाढलं, बायको तुझ्या नावाने बोटं मोडते."

मी मटकन खुर्चीत बसले. हसू आणि रडू एकदम आलं की माणूस कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण लिली सिस्टर चहा ठेवून लगेच बाहेर गेल्या. मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू माझ्या बोटांकडे बघत बसली असतीस. मला तू पोटाकडे बघायला हवी होतीस." मग त्या म्हणाल्या, "आणि मला वाटलं नव्हतं की तू सगळं श्रेय माझ्या मेलेल्या बोटांना देत असशील. कमाल आहेस."

"ही भीती जाते का मॅडम कधी?"

"मला अजून वाटतं, कुणीतरी येईल आणि म्हणेल, बाई, तुम्ही इथे कशा? तुमची मासळीची पाटी कुठे ठेवलीत? एवढी वर्षं झाली, अजून कुणी आलेलं नाही. मी रोज वाट बघते आणि काम करते." डबा पुढे ओढत त्या म्हणाल्या, "जिची भीती गेली तिच्याकडे मी माझं पोट देणार नाही. तुझ्याकडे देईन. आता जेव."

नोकरी नको, एवढंच मी बाबांना सांगितलं; सोमवारी त्यांनी कारखान्यात काय कळवलं ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर त्यांनी दोनदा भाकरी मागून घेतली एवढं पाहिलं. हरेश्वरकाकांची बोट त्यांच्याशिवाय गेली आणि पोरांनी खरंच जाळं फाडून आणलं. हे त्यांनी मला वॉर्डमध्ये फार रंगवून सांगितलं, आणि घरी जाताना ताजा घोळ मासा पाठवून देईन म्हणाले, तो पाठवलाही. सुशांतला मी नंतर एकदा विचारलं, तुला कधी वाटतं का रे, आपण इथले नाही? तो म्हणाला, "मी जिन्यात शीळ का घालतो असं वाटतं तुला?"

परीक्षा झाली, मी पास झाले, आणि त्याच हॉस्पिटलात राहिले. मॅडम आता मुरब्याला असतात. दर गुरुवारी ओपीडीला येतात, पेशंटना दटावतात, डबा आणतात. त्यांची बोटं तशीच आहेत. भावाची सून मासळी साफ करताना त्यांना सुरीला हात लावू देत नाही. मॅडम समोर बसून तिला सूचना करतात, आणि ती वैतागते.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या ऑपरेशन थिएटरमधल्या शेवटच्या दिवसाबद्दल. पामची एक बाई होती, हर्नियाचीच. आदल्या दिवशी खाटेशी मी उभी राहिले आणि मीच सांगितलं, "ऑपरेशन मी करणार आहे. तांडेल मॅडम समोर उभ्या आहेत." त्या बाईने मॅडमकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली.

सकाळी मोरीशी आम्ही दोघी. त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं, काय ते आता आठवत नाही, पण ताजं होतं. मग मी विचारलं, "आणि तुम्हाला, मॅडम? आज कशाची भीती वाटतेय?"

एवढ्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नसावं. ब्रश त्यांच्या हातात नीट राहत नव्हता, तरी त्या नखं घासतच राहिल्या. पाणी वाहत होतं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी हात धुऊन कुठे जायचं, याची."

मी नळ बंद केला आणि म्हटलं, "ही खरी. चला."

त्या पाटावर चढल्या. फुलाफुलांची टोपी सरळ केलेली होती. मी कापलं, कडेला हुक लावला, त्यांचा डावा हात उचलून त्यावर आणला आणि बोटं एकेक करून मिटली. आज मुद्दाम, बघून.

"बसला का नीट?" त्यांनी विचारलं.

"बसला, मॅडम."

"मग कर पुढे."